जुन्या गाडीच्या दाराची आतली हँडलं: काढायला किती, मोडली तर किती

पद्मिनी, ॲम्बेसेडर, नाहीतर आजोबांच्या काळापासून ताडपत्रीखाली उभी असलेली ‘डुक्कर’ फियाट. तुम्ही गाडी रंगाला काढायचं ठरवलंत की दारात पहिला हात लागतो तो आतल्या हँडलांना. दार उघडायची चार, काच फिरवायची चार, अशी आठ. ही आठ निघाल्याशिवाय दाराचं आतलं आवरण, म्हणजे डोअर पॅड, निघत नाही, पॅड निघाल्याशिवाय दाराच्या पोटातला गंज दिसत नाही, आणि गंज न बघता मारलेला रंग दोन पावसाळेही धरत नाही.

सवयीच्या फिटरला आठ हँडलं काढायला अर्धा दिवस पुरतो. आदिलाबादसारख्या ठिकाणी चांगल्या फिटरची दिवसाची मजुरी हजार-बाराशे धरा, म्हणजे या कामाचे पाच-सहाशे. तुम्ही स्वतः केलंत तर तेही वाचतात. खर्चाचा खरा आकडा वेगळीकडे लपलेला असतो. घाईत पेचकस घालून उचकटलेलं हँडल पॅडचा पुठ्ठा फाडतं, हँडल ज्यावर बसतं त्या दांड्याचे दाते खातं, कधी काच वरखाली करणारं आतलं मशीनच वाकवतं. मग पाचशेचं काम आठ-दहा हजारांवर जातं आणि बिलावर ते ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणून येतं. खाली दिलेले मजुरीचे आणि मालाचे भाव हे घासाघीस करताना डोक्यात ठेवायचे अंदाज आहेत. सरकारी फी मात्र ठरलेली आहे, ती शेवटी दिली आहे.

आधी बघा, मग हात लावा

आतलं हँडल तीनपैकी एका पद्धतीनं बसवलेलं असतं. तुमच्या गाडीत कोणती आहे हे मॉडेलच्या नावावरून ठरवू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक बदल झालेले असतात, शिवाय पन्नास वर्षांत चार मिस्त्र्यांनी आपापली करामत करून ठेवलेली असते. डाव्या दाराला पिन आणि उजव्याला स्क्रू, असंही सापडतं.

पहिली पद्धत आडव्या पिनेची. जुन्या युरोपी बनावटीच्या गाड्यांत ही जास्त. हँडलच्या मुळाशी, पॅडला टेकलेली एक गोल वाटी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. वाटी दोन बोटांनी दाराकडे दाबा. हँडलच्या मानेत आरपार गेलेल्या पिनेचं टोक दिसेल. ते दिसलं की अर्धं काम झालं. वाटी तशीच दाबून धरायला दुसरा माणूस घ्या किंवा खाच पाडलेली लाकडी पट्टी सरकवा. मग पिनेपेक्षा किंचित बारीक पंच टेकवून हलके ठोके द्या. पिनेची दोन्ही टोकं आधी नीट बघा. काही पिना एका बाजूला निमुळत्या असतात, त्या बारीक टोकाकडूनच ठोकायच्या. उलट ठोकलीत तर पिन आणखी घट्ट बसते, आणि मग ड्रिल लावण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

ठोकताना हँडलच्या पलीकडच्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरा. हे सांगूनही फार थोडे लोक करतात. आधार नसला की प्रत्येक ठोक्याचा धक्का दांड्यावाटे आत काचेच्या मशीनला बसतो. मशीन वाकलं की काच अर्ध्यावर अडकायला लागते, आणि दोष ‘गाडी जुनी आहे’ यावर जातो.

दुसरी पद्धत सी-क्लिपची. घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली तार हँडलच्या मागच्या खाचेत बसलेली असते, समोरून काहीच दिसत नाही. मारुती ८०० च्या काच फिरवायच्या हँडलला हीच क्लिप आहे, त्यामुळे आदिलाबाद-निर्मल रस्त्यावरच्या कोणत्याही गॅरेजमधल्या पोराला ती काढता येते. हत्यार लागत नाही. जुन्या सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी हँडल आणि मागच्या वायसरच्या मध्ये घाला आणि बूट पुसतात तशी मागेपुढे ओढा. क्लिप कापडात अडकून बाहेर येते. एका बाजूनं नाही आली तर दुसऱ्या बाजूनं ओढा. येताना ती उडते, म्हणून सीटवर आणि खाली चादर टाका, डोळ्यांवर चष्मा ठेवा. पाच-दहा रुपयांची क्लिप गवतात शोधण्यात सकाळ घालवू नका, एक डझन आधीच आणून ठेवा.

तिसरी पद्धत स्क्रूची. हँडलच्या मध्यावर प्लास्टिकची टिकली असते, तिच्याखाली स्क्रू. टिकली नखानं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं उचला, लोखंडी पेचकसानं उचलली तर तुटते. स्क्रू गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. स्क्रूच्या खाचेत गच्च बसणाराच पेचकस घ्या. सैल पेचकसानं खाच गोल झाली की पुढचं काम ड्रिलवाल्याचं.

इथेच एक धोका. फियाट-पद्मिनीचे आटे मिलिमीटरच्या मापाचे, तर जुन्या ॲम्बेसेडरचे आणि विलीज जीपचे इंचाच्या मापाचे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा बहुतेक माल मिलिमीटरचा. ‘बसतोय की साहेब, थोडा जोर लावला की झालं’ असं म्हणून कोणी मिलिमीटरचा स्क्रू इंचाच्या आट्यात कोंबत असेल तर हात धरा. आटे गेले की दांडा बदलायचा, आणि तो दांडा मशीनसकटच मिळतो.

काढण्याआधीच्या दहा मिनिटांत

प्रत्येक दाराची काच पूर्ण वर घ्या, हँडल कोणत्या कोनात उभं आहे त्याचा फोटो काढा. दार उघडायच्या हँडलचाही काढा. परत बसवताना दात एक-दोन घरं इकडेतिकडे झाले तर काचेचं हँडल गुडघ्याला लागतं आणि दाराचं हँडल अर्ध्यावरच अडतं. फोटो असला की मिस्त्रीशी वाद उरत नाही.

फोटो झाला की काच खाली घ्या आणि खालीच ठेवा. आतलं हँडल नसलेलं दार चुकून बंद झालं आणि बाहेरचं हँडलही कुरकुरत असलं, तर काच वर असलेली गाडी तुमच्यासाठी पेटी होते. लहान मुलांना या काळात गाडीत बसू देऊ नका. समोरची दारं मागच्या बाजूनं बिजागरीवर असलेली जुनी फियाट असेल, म्हणजे १९६४ च्या ‘डिलाइट’ मॉडेलच्या आधीची, तर आतली हँडलं नसताना ती गल्लीतसुद्धा चालवू नका. दार सुटलं की वाऱ्यानं ते पुरतं उलटतं.

प्रत्येक दाराची वेगळी पिशवी करा: हँडल, वाटी, स्प्रिंग, वायसर, पिन. पिशवीवर ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ असं लिहा. पिशव्या गॅरेजमध्ये ठेवू नका, घरी न्या. गॅरेजवाला प्रामाणिक असला तरी रंगकाम तीन महिने चालतं, त्याच जागेत दहा गाड्या येऊन जातात आणि झाडलोट रोज होते.

हत्यारांवर फार खर्च करू नका. बारीक पंचांचा संच, लांब नाकाची पक्कड, छोटी हातोडी, स्प्रेचा डबा, सगळं मिळून हजाराच्या आत बसतं. क्लिप काढायचं खास हत्यार ऑनलाइन मिळतं, पण एका गाडीसाठी त्याची गरज नाही.

कधी काढायची

दसऱ्यानंतर ते होळीपर्यंत. जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. जुन्या डोअर पॅडच्या आत पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड असतो, तो ओल धरून फुगतो, भोकं सैल होतात आणि पॅड परत त्याच जागी बसत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत आदिलाबाद तेलंगणातल्या सर्वांत थंड जिल्ह्यांमध्ये मोडतो. गारठ्यात जुनं प्लास्टिक कडक होतं, टिकल्या आणि वाट्या कट्कन तुटतात. सकाळी सातला सुरू करू नका, गाडी उन्हात तासभर उभी करा आणि मग हात घाला.

हिवाळ्यात एक अडचण मात्र येते. कापसाचा हंगाम तेव्हाच, आणि गावातले चांगले मिस्त्री ट्रॅक्टर-टेम्पोत गुंतलेले. तुमचं ‘शौकाचं’ काम मागे पडतं. संक्रांतीनंतरचा वार आधीच ठरवून घ्या आणि त्या दिवशी स्वतः तिथे थांबा.

कोणाला सांगायचं

डेंटरला नाही. हे आधीच सांगतो, कारण नेमकं तेच घडतं. गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाते, डेंटरला पत्र्यापर्यंत पोचायचं असतं, हँडल त्याच्या वाटेतला अडथळा असतो. काढण्याचे तो वेगळे पैसे मागत नाही, आणि महाग पडतं ते तिथेच. फुकट काढलेल्या हँडलाची जबाबदारी कोणी घेत नाही.

काम जुन्या फिटरला द्या, ज्यानं टॅक्सीच्या काळात फियाट आणि ॲम्बेसेडर उघडल्या आहेत. असा माणूस आदिलाबाद शहरात मिळेल, उटनूर-इचोड्याकडे जीपवाले मिळतील, आणि सीमेपलीकडे पांढरकवडा, किनवट, नांदेड इथेही विचारा. नोंदणी आणि कराचे प्रश्न सोडले तर मिस्त्रीच्या बाबतीत राज्याची हद्द पाळायचं कारण नाही. एकच अट घाला: जो काढेल तोच बसवेल. दोन वेगळ्या माणसांना दोन कामं दिली की प्रत्येक मोडतोड ‘आधीपासूनच होती’.

डोअर पॅडसाठी वेगळा माणूस लागेल, सीट कव्हर आणि कुशनचं काम करणारा. चार दारांचे पॅड नव्या हार्डबोर्डवर नव्या रेक्झिनमध्ये करायला पाच ते दहा हजार धरा. जुना पुठ्ठा किती खराब आहे आणि शिवणीची नक्षी किती किचकट आहे, यावर आकडा हलतो. जुना पॅड फेकू देऊ नका, फाटका असला तरी. नव्याची भोकं त्यावरूनच पाडायची असतात. भोक अर्धा सेंटिमीटर चुकलं तर हँडलची वाटी ते झाकत नाही आणि ती चूक रोज डोळ्यांसमोर राहते.

पॅडमागे एक प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा चिकटवलेला असतो. मिस्त्री तो फाडून टाकतात आणि परत लावत नाहीत, कारण तो दिसत नाही. काचेच्या फटीतून दारात उतरणारं पाणी हा पडदाच पॅडपासून दूर ठेवतो. मीटरभर जाड प्लास्टिक कितीसं महाग? कराराच्या यादीत हे स्वतंत्र लिहून घ्या, पॅड बसवण्याआधी फोटो मागा.

मोडलं, हरवलं, गंजलं: सुटे भाग

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, ॲम्बेसेडरचं २०१४ मध्ये. तेव्हा ‘कंपनीकडून मागवतो’ असं कोणी म्हणालं तर कोणत्या कंपनीकडून, एवढंच विचारा. जुन्या दुकानांच्या माळ्यावर पडून राहिलेला सीलबंद माल अजून निघतो हे खरं, पण त्याच्या नावावर जास्त विकला जातो तो नंतर केलेला नकली माल.

ओळखायचं कसं? जुनी हँडलं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. हातात जड लागतात आणि त्यांना लोहचुंबक चिकटत नाही. चुंबक चिकटलं तर ते पत्र्याचं, फारच हलकं लागलं तर चकचकीत मुलामा दिलेलं प्लास्टिक. प्लास्टिकचंही चालतं, स्वस्त असतं, पण दाते सहा महिन्यांत झिजतात आणि हँडल नुसतं गरागरा फिरतं. दुकानात जाताना जुनं हँडल खिशात न्या आणि दाते जुळवूनच घ्या. फोटोवरून मागवलेलं हँडल परत पाठवण्याचा खर्च हँडलच्या किमतीइतका येतो.

एक हँडल नकली दोन-तीनशेला, चांगलं जुनं सुस्थितीतलं पाचशे ते हजारात, असा अंदाज ठेवा. दुर्मीळ मॉडेलचं असेल तर विकणारा तुमच्या तोंडाकडे बघून भाव करतो. आठांपैकी एकच हवं असलं तरी जोडी मागा. एक नवं आणि सात जुनी यांची चमक जुळत नाही.

शोधायचं कुठे: हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर, नागपूर २०० च्या आसपास, दोन्ही राष्ट्रीय महामार्ग ४४ वर. हैदराबादेत पुतळीबावली-जामबाग भाग आणि सिकंदराबादचं राणीगंज बघा. मुंबईला कोणी जाणार असेल तर ऑपेरा हाऊसजवळची स्पेअर पार्टची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या टॅक्सीचं आयुष्य संपलं. टॅक्सीतून निघालेला माल तिथे फिरतो, पण टॅक्सीचं हँडल म्हणजे वीस वर्षं रोज हजार हातांनी ओढलेलं, दाते बघून घ्या. ॲम्बेसेडरसाठी कोलकात्याचा मलिक बाजार. सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. भाव ‘टॅक्ससकट का?’ हे आधी विचारा, कारण बोलणी एका भावावर होतात आणि बिल दुसऱ्यावर बनतं.

क्रोम करायचं तर

चमक गेलेलं पण शाबूत हँडल असेल तर नवं शोधण्यापेक्षा पुन्हा मुलामा देणं बरं. नगामागे दीडशे ते चारशे रुपये धरा. नागपूर किंवा हैदराबादला द्यावं लागेल. आदिलाबादेत ‘आम्ही करून आणतो’ म्हणणारा दुकानदार तेच तिथे पाठवतो आणि मध्ये आपलं कापतो. गाडी न्यायची गरज नाही, आठ हँडलं डब्यात घालून बसनं जा. गाडी ट्रेलरवर टाकून नागपूरला नेणार असाल तर भाडं एका बाजूचं की परतीचंही, आणि टोल कोणाचा, हे निघण्याआधी कागदावर घ्या. बहुतेक भांडणं परतीच्या रिकाम्या फेरीवरून होतात.

मुलामा देणाऱ्याला पहिलं वाक्य हे सांगा: ‘हे लोखंड नाही, ओतीव जस्त आहे.’ जुना मुलामा उतरवायला तो माल ॲसिडमध्ये टाकतात. लोखंड ते सोसतं, जस्त खाल्लं जातं. चांगला कारागीर आधी तांब्याचा थर देतो, मग निकेल, मग क्रोम. पृष्ठभागावर पुरळासारखे खड्डे असतील तर ते भरायची मजुरी वेगळी, आणि ती तोंडी भावात कधीच नसते. ‘नगामागे भाव, खड्डे भरून, पॉलिशसह’ असं लिहून घ्या. नुसती पॉलिश मारून दिलेलं हँडल महिनाभर चमकतं. नग मोजून, फोटो काढून द्या आणि पावतीवर संख्या लिहून घ्या. आठ दिली आणि सात आली तर आठवं कोणाकडेच मिळत नाही.

छुपे खर्च आणि पळवाटा

पिनेच्या जागी कापलेला खिळा. हा जुना उद्योग आहे. पिन उडाली की मिस्त्री खिळा कापून घालतो, चार आण्यांत काम. खिळा मऊ असतो, काही महिन्यांत वाकतो. वाकला की निघत नाही आणि टोक बाहेर आलं तर पॅन्ट फाडतं. हार्डवेअरच्या दुकानात योग्य मापाची स्प्रिंग पिन काही रुपयांना मिळते. ‘खिळा चालणार नाही’ हे सुरुवातीलाच सांगा.

हँडल सैल झालं म्हणून दांड्यावर वेल्डिंगचा ठिपका. त्या क्षणी ठीक, पण पुढच्या वेळी हँडल कापूनच काढावं लागेल. वेल्डिंगची ठिणगी काचेवर उडाली तर काचेत कायमचा काळा ठिपका राहतो. नाही म्हणा.

‘ओपनिंग चार्ज’. दार उघडून बघण्याचे पैसे, मग काढण्याचे, मग बसवण्याचे. तिन्ही मिळून एक भाव ठरवा, आठ हँडलांचा एकत्र. ‘लॉकला ग्रीस’, ‘मशीन सर्व्हिस’ असे शब्द बिलात दिसले तर आधी विचारलं होतं का ते आठवा. तरीही दार उघडलेलंच आहे तर काचेच्या मशीनला आणि लॉकला ग्रीस लावून घ्या. ती मजुरी वाया जात नाही, दार पुन्हा उघडायची वेळ टळते.

आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. मागणारा ‘सामान आणायला’ मागतो. हँडलच्या कामात सामान आणायचं असतं ते तुमच्या खिशातल्या यादीप्रमाणे, दोन-तीनशेचं.

पावतीत काय हवं: गाडीचा नंबर, दिलेल्या नगांची संख्या, काम, एकूण रक्कम, तारीख. गॅरेजात मराठी, तेलुगू, दखनी तिन्ही चालतात, पावती कोणत्याही भाषेत असो, आकडे आणि सही स्पष्ट असू द्या. कच्च्या चिठ्ठीचाही फोटो काढून ठेवा.

कागदपत्रांचं

आतलं हँडल बदलायला आरटीओची परवानगी लागत नाही. तरी गाडी रस्त्यावर आणण्याचा हिशोब हँडलांच्या आधी करा, कारण तो कितीतरी मोठा आहे.

तुमचं कार्यालय कोणतं ते आधी बघा. २०१६ ला आदिलाबाद जिल्हा फुटला, पाटीवरचे कार्यालयांचे नंबर असे: आदिलाबाद ०१, निर्मल १८, मंचेरियाल १९, कुमुरम भीम आसिफाबाद २०. मार्च २०२४ पासून नव्या पाट्या टीजी अक्षरांच्या आहेत. घरातल्या गाडीवर एपी ०१ असेल तर ती जुनी पाटी, घाबरू नका.

नेहमीच्या वापरासाठी नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर फॉर्म २५, आरसी, विमा, पीयूसी आणि प्रत्यक्ष तपासणी. नूतनीकरण पाच वर्षांचं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २० वर्षांहून जुन्या मोटारीला फी १० हजार रुपये. हरित कर वेगळा. आणि खरा फटका इथे: मुदत उलटून गेली असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जादा. दोन वर्षं म्हणजे १२ हजार. गोठ्यात विसरलेल्या गाडीचा आकडा आधी काढा, मगच हँडलांना हात लावा. तपासणीला जाताना चारही दारं आतून उघडतात याची खात्री करा, हँडलं पिशवीत ठेवून जाऊ नका.

दुसरा मार्ग विंटेज नोंदणीचा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली गाडी जुलै २०२१ च्या नियमांनुसार पात्र ठरते. १९७४ ला बाजारात आलेल्या पद्मिनीच्या पहिल्या गाड्या आता या रेषेपलीकडे गेल्या आहेत. फॉर्म २०, विमा, जुनी आरसी, फी २० हजार. नोंदणी १० वर्षांची, पुढच्या वेळी ५ हजार. प्रमाणपत्र ६० दिवसांत मिळायला हवं. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पण ही पाटी लागली की रोजच्या कामाला आणि धंद्याला गाडी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल आणि देखभाल, एवढंच. दहा वर्षांचा हिशोब मांडला तर पहिल्या खेपेला दोन्ही मार्ग २० हजारांवरच येतात. तेव्हा रविवारी सासुरवाडीला गाडी न्यायची हौस असेल तर व्हीए घेऊ नका. विंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सवलत आहे, ती एजंट आपणहून सांगेलच असं नाही, मागून घ्या.

गाडी पांढरकवडा, किनवट किंवा चंद्रपूरहून विकत आणली असेल तर एमएच पाटीवर ती इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तिकडच्या आरटीओकडून ना-हरकत (फॉर्म २८), मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७. तेलंगणाचा कर गाडीच्या वयानुसार लागतो. विकणाऱ्याच्या सह्या पैसे देण्याच्या दिवशीच घ्या. जुन्या गाड्यांचे मालक म्हातारे असतात, सहीसाठी वर्षभर थांबलात तर काम वारसांकडे जातं.

बसवून घेताना

बिल देण्याआधी प्रत्येक दारात बसा. दार आतून तीनदा उघडा. काच वरपासून खालपर्यंत न्या आणि परत आणा. हँडल गुडघ्याला लागत नाही ना, वाटी पॅडला सपाट टेकते ना, हँडल ओढल्यावर हलतं का, ते बघा. सी-क्लिपचं हँडल असेल तर क्लिप आधी हँडलमध्ये बसवून मग तळहातानं दांड्यावर ठोकायची असते. ‘टक्’ आवाज आला नसेल तर ते वळणावर हातात येईल.

काम फसलं आणि गॅरेजवाला ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे काम नागपूरला बिघडलं तरी आदिलाबादला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही. सोबत पावती, आधीचे फोटो, नंतरचे फोटो. वकील लागतोच असं नाही.